नऊ ऑक्टोबरचे टोले

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. पट्टी लावून, ब्लेडनं, शिवणीला धक्का न लावता. वही नुसती चाळली असती तर कळलंही नसतं.

पण जयाताई नुसत्या वह्या चाळणाऱ्यांतली नव्हती. वर्ध्याच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर पान गेल्याचं तिच्या बोटांनाच कळे. शिवाय ती वर्धा जिल्हा घंटा मंडळाची चिटणीस होती. हे मंडळ म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. जिल्ह्यातल्या नऊ लहान चर्चांत घंटा वाजवणाऱ्यांनी कधीकाळी एकत्र येऊन ते काढलं. आता त्यातली चार चर्चं कुलूपबंद होती आणि वर्धा, सिंदी रेल्वे, आष्टी, आर्वी अन् रोहण्यापलीकडची मिशनवाडी एवढीच उरली होती. चिटणीसपद अकरा वर्षं जयाताईकडे होतं, कारण निवडणुकीचा विषय निघाला की सगळ्यांची एकदम बसची वेळ व्हायची.

प्रत्येक चर्चची एक घंटावही होती. घंटा वाजली की तारीख, वेळ, टोले, कारण आणि वाजवणाऱ्याचं नाव लिहायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची सभा भरायची, जयाताईनं पाचही वह्या मागवून केलेला वर्षाचा अहवाल वाचायचा, लोकांनी माना डोलवायच्या आणि पुरीभाजी खाऊन घरी जायचं. यंदा अहवाल लिहिताना तिचा हात चालेना. पाचही चर्चं मिळून वर्षभरात लग्नं दोन, बाप्तिस्मा एक आणि मृत्यू तेरा. कोणासाठी लिहितोय हे सगळं, असं तिच्या मनात दहादा येऊन गेलं.

रविवारी घंटा भरभर वाजते. मृत्यूची रीत निराळी. माणूस जितक्या वर्षांचा तितके टोले द्यायचे, आणि दर टोल्यानंतर तीन श्वास थांबून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. मंडळातल्या कुठल्याही चर्चचं माणूस गेलं की पाचही ठिकाणी टोले पडतात. नाव आणि वय जयाताई फोनवर संदेश पाठवून कळवायची. नऊ ऑक्टोबरला दुपारी साडेबाराला तिनंच कळवलं होतं: सिंदीचे हर्षित गेले, वय सेहेचाळीस. चार वह्यांत त्या तारखेला सेहेचाळीस टोल्यांची नोंद होती. मिशनवाडीच्या वहीत नऊ ऑक्टोबरच नव्हता. ऑक्टोबरचं पान कापून अख्खा महिना पुढच्या पानावर एका बैठकीत, एका शाईनं पुन्हा उतरवला होता आणि मधला तो एक दिवस गाळला होता.

त्याखाली दहा तारखेची नोंद होती. मनकर्णाबाई, टोले शहात्तर.

मनकर्णाबाई म्हणजे तिची मावशी. जया चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिला वाढवणारी. नऊ ऑक्टोबरच्या दुपारी मावशी घरात झोपेतच गेली, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं आणि तिनं ते ऐकून घेतलं होतं. आर्वीच्या डॉक्टरांनीही हृदयविकार असं लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाताईनं वही पिशवीत घातली आणि आर्वीची बस धरली.

२

मिशनवाडीत चौदा घरं. नुसत्या नावावरून कोण ख्रिस्ती अन् कोण हिंदू हे कोणाला ओळखता येणार नाही, आणि तिथे ओळखायची कोणाला गरजही पडत नाही. सगळ्यांची वांगी, भेंडी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर एकाच टेम्पोतून आर्वीला जाते. वस्तीच्या मधोमध चर्च, त्याच्या ओसरीत वरून लोंबणारा घंटेचा दोर आणि चाळीस पावलांवर मावशीचं दोन खोल्यांचं घर. आता त्या घराला कुलूप होतं. जयाताईनं तिकडे बघायचं टाळलं आणि शेजारच्या कुंताबाईच्या अंगणात शिरली.

कुंताबाई मावशीची पन्नास वर्षांची मैत्रीण. कापूस वेचून नुकती परतली होती. जयाताईनं वही उघडून कापलेली जागा दाखवली, तशी म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"मले वाचता येत नाई बाई. पन तुले एक सांगाचं होतं. सव्वा महिना झाला, मी कोनाले बोलली नाई."

"काय ते?"

"शेवटची आंघोळ मीच घातली तिले. उजव्या मनगटाले वळ होता. असा गोल फिरलेला, लालकाळा. अन् त्याच हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. दोन काचा तं कातडीत घुसल्या होत्या, मी माह्या हातानं काढल्या."

दफनाच्या दिवशी ती पोचली तोवर पेटीत मावशीचे हात पांढऱ्या चादरीखाली झाकलेले होते. चादर आपण सरकवून का पाहिली नाही, असं तिला आता वाटलं.

"तवाच काऊन नाई सांगितलं, कुंतामावशे?"

"कोनाचं नाव घेऊ? कोनी तरी तिचा हात पिरगाळला असंन, असं माह्या मनात आलं. अन् त्या आधीच्या रविवारी अंकुशसंगं तिचं भांडन झालं होतं. साऱ्या वाडीनं ऐकलं."

अंकुश म्हणजे मावशीचे दीर रूपराव यांचा मुलगा. मिशनवाडीत दोराला हात लावणारे हे दोघंच बापलेक.

"त्या दिवशीचे टोले ऐकले होते?" जयाताईनं विचारलं.

"ऐकले ना. तीनच्या सुमाराले. वावरात उभी राहून मोजले. सदतीस भरले. मंग वाटलं, आपलं वय झालं, मधातले हुकले असतीन."

सेहेचाळिसाच्या जागी सदतीस. जयाताईनं आकडा तळहातावर पेनानं लिहून ठेवला. कुंताबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अंकुशले एकटी भेटू नको."

३

जयाताई एकटीच भेटली. अंकुश पस्तिशीचा, तब्येतीनं चांगला, आणि घंटेच्या बाबतीत कमालीचा आळशी. रविवारी वीस मिनिटांच्या जागी पाच मिनिटं वाजवायची आणि वहीत वीस लिहायची, हा त्याचा शिरस्ता मंडळात सगळ्यांना ठाऊक होता. फोनमधला घंटेचा आवाज भोंग्यावर लावला तर दोर ओढायची कटकटच मिटेल, अशी सूचनाही त्यानं गेल्या सभेत मांडली होती. मावशी चर्च झाडायची, ओसरी पुसायची, त्यामुळे त्याच्या लबाड्या तिला दिसायच्या.

"भांडन झालं होतं, ताई. मी नाई म्हनत नाई," गोठ्याच्या दाराशी उभा राहून तो म्हणाला. "मोठी आई म्हने, यंदा सभेत उभी राहून सांगतो, वही खोटी लिहितं म्हनून. मी बोललो तिले चार शब्द. मंग ती गेली, अन् माफी मागाचं राहूनच गेलं."

"नऊ तारखेचे टोले तू दिले?"

"नाई. पाळी बाबाची होती. ते भाजी घेऊन आर्वीले गेलते. एक वाजता फोन आला, मले उशीर होऊन राह्यला, टोले तू देजो. मी हो म्हनलं. फवारनी चालू होती, म्हनलं चार वाजता जातो. तं तीनलेच टोले सुरू झाले. मले वाटलं, बाबा लवकर आले. बरं झालं म्हनलं, अन् पुन्हा पंप पाठीवर घेतला."

"मोजले नाईस?"

"काऊन मोजू? सेहेचाळीसच असनार ना. तुमचा मेसेज होता."

जयाताईचा विश्वास बसला नाही. बसावा कसा? तिच्या डोक्यात एक गोष्ट आपोआप जुळत चालली होती. अंकुशनं टोले द्यायला सुरुवात केली असेल आणि सदतिसाला कंटाळून दोर सोडला असेल. मावशीनं ओसरीत येऊन त्याला धरलं असेल. झटापट, मनगट, बांगड्या, आणि आधीच अधू असलेलं काळीज. नंतर मुलाला वाचवायला बापानं वहीचं पान कापलं असेल. अक्षर रूपरावांचंच होतं, आणि अंकुशच्या हातून पान असं पट्टी लावून कधीच कापलं गेलं नसतं.

"तुझे बाबा या पानाबद्दल काही बोलले का?"

"बाबा माह्याशी त्या दिवसापासून धड बोलतच नाई," अंकुश म्हणाला. "काऊन ते मले समजत नाई. तुमीच विचारून पाहा."

त्याचे डोळे भरले होते. अभिनय असेल तर तो फारच चांगला होता, आणि अंकुशला चांगलं असं काही करायचा कंटाळा होता. जयाताई चडफडत तिथून निघाली.

४

टेम्पोवाला डोमाजी आणि त्याची बायको छाया दुपारच्या भाकरीला बसले होते. त्यांनी जयाताईलाही ताट वाढलं. उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून तीही बसली.

"नऊ तारखेले? रूपरावकाका माह्यासंगंच होते," डोमाजीनं सांगितलं. "त्या दिवशी भेंडीले गिऱ्हाईकच नव्हतं. साडेचारले आर्वी सोडली अन् साडेपाचले इथं उतरलो. उतरल्याबरोबर लोकाइनं सांगितलं, टोले झाले. काका म्हने, चाला, पोरानं एक काम तं केलं."

म्हणजे तीन वाजता रूपराव इथे नव्हते. जयाताईचा अंकुशवरचा संशय आणखी पक्का झाला, आणि लगेच छायानं तो मोडून टाकला.

"अंकुशभाऊनं कुठचे दिले टोले? माह्या बांधापलीकडं फवारत होते ते. टोले पडून राह्यले तेवढा वेळ माह्या डोळ्यापुढंच होते."

"नक्की?"

"नक्की म्हनजे? आमचं मोजाचं ठरलेलं हाये, ताई. टोला पडला का एक बोंड वेचून ओटीत वेगळ्या कोपऱ्यात टाकाचं. संपले का बोंडं मोजाची. त्या दिवशी सदतीस भरली. म्हनलं, नऊ बोंडं खाली पडली वाटते. झाडाखाली शोधली पन."

दोन बाया, दोन वेगळी वावरं, आणि दोघींचे सदतीसच. दोघींनीही चूक आपलीच धरली. घंटेची चूक असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण मृत्यूचे टोले कोणी अर्धवट सोडत नाही. रविवारी लबाडी करणारा अंकुशसुद्धा सोडत नाही.

"कसे पडत होते?"

छाया विचार करू लागली. "लय सावकाश. सुरुवातीले बरे पडले, मंग मधात थांबत. मले दोनदा वाटलं संपले, तं पुन्हा एक पडे. पाव तासाच्या वर चालले असतीन. आमी म्हनलं, कोन एवढं मन लावून वाजोते."

"पाहायला कोनी गेलं नाई?"

"टोले पडत असतांना चर्चात कोन जाते, ताई? वाजोनाऱ्याची प्रार्थना मोडते." छाया एकदम थांबली. "अन् हो, एक राह्यलं. संध्याकाळी मावशी गेल्याचं समजलं म्हनून धावत येऊन राह्यली होती, तं मावशीच्या चपला मले चर्चच्या पायरीशी दिसल्या. म्हनलं, सकाळी झाडाले आली असंन अन् विसरली असंन. उचलून तिच्या दाराशी नेऊन ठेवल्या."

जयाताईनं ताट बाजूला सारलं. मावशीला साखरेचा आजार होता. पायाची जखम चिघळली तेव्हा डॉक्टरनं तिला तंबी दिली होती, आणि तेव्हापासून ती न्हाणीतसुद्धा चपलेशिवाय जात नसे. चर्चची पायरी तेवढी तिची चपला काढायची जागा. त्या पायरीवरून चाळीस पावलं मातीतून, खड्यांतून ती अनवाणी घरी चालत गेली असेल हे शक्य नव्हतं.

ती चर्चमध्ये गेली होती आणि आपल्या पायांनी परत आली नव्हती. आणि त्या दुपारी वाडीत घंटा वाजवणारं कोणी नव्हतं.

५

जयाताई चर्चच्या ओसरीत आली. भर दुपार होती, घरं ओस पडली होती, माणसं सगळी कापसात. तिनं दोर हातात घेतला. जड घंटा, एका ओढीत हलतही नाही. बोटांत जोर नसलेलं माणूस काय करेल? तिनं दोराचे दोन वेढे मनगटाभोवती घेतले आणि हात ढिला सोडून अंगाचा सगळा भार खाली दिला. घंटा एकदा वाजली. दोर वर जाताना तिच्या मनगटात करकचला आणि तिची बांगडी तडकली.

तिनं वेढे सोडले. मनगटावर लाल रेघ उमटली होती.

मग तिला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मावशी संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी झाडायला आली. छातीत कळ आली. फोन घरी, वस्ती रिकामी, ओरडायला आवाज नाही. हाताशी काय होतं? हा दोर. चौदा घरांना आणि सगळ्या वावरांना ऐकू जाईल अशी एकच वस्तू या वाडीत होती आणि ती तिच्या हाताशी होती. तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा मारली. सदतीस वेळा. सगळ्यांनी ती ऐकली, कामं थांबवून, माना खाली घालून ऐकली.

"दोर सोड, जया." मागून आवाज आला. रूपराव ओसरीच्या पायरीशी उभे होते. सत्तरीचे, वाळलेले, डोक्याची टोपी हातात धरलेली. एक टोला ऐकून वावरातून धावत आले होते. "एकच टोला पडला," ते म्हणाले. "मले वाटलं..."

"आज धावत आले, काका."

"आता नेहमी धावतो," असं म्हणून ते पायरीवरच बसले.

जयाताई त्यांच्या शेजारी बसली. तिनं विचारायची गरज पडली नाही.

"इथंच होती. भिंतीले टेकून बसलेली. दोर मनगटाले तीन वेढे. मी समजलो का अंकुशनं टोले दिले, म्हनून निवांत वहीत लिहाले आलतो. पाहिल्याबरोबर समजलं. दोर सोडवला, सारे टेम्पोपाशी होते तवर उचलली अन् घरी नेऊन खाटेवर निजवली. वजन काय होतं तिचं."

"काऊन, काका? मले तं सांगाचं."

"काय सांगू? साऱ्या वाडीनं ऐकलं, बेटा. ती हाका मारून राह्यली होती अन् लोकं मोजून राह्यले होते. हे त्याइले सांगू? कुंताले सांगू, तुही मैत्रीन तुले बलावत होती अन् तू हिशेब करत होती? ती छाया, लेकरावानी होती मनकर्णाले. सांगितलं असतं तं जन्मभर झोप आली नसती कोनाले. म्हनलं, मले एकट्याले माहीत हाये तेवढं पुरे. अन् पाळी माहीच होती. मी बाजार सोडून दीडच्या गाडीनं आलो असतो, तं मी इथंच असतो."

"पान?"

"त्या दिवशी खरं तेच लिहून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं अन् कापलं. खोटं लिहाले हात होईना, म्हनून ती तारीखच सोडली." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "सभेत वाचू नको, जया. मी मेल्यावर वाच पाह्यजे तं."

जयाताईला त्यांचा राग आला, मग राग गेला, आणि मागे जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. कारण तिला साडेबाराचा तो संदेश आठवला. तो गेला नसता तर तीन वाजता पडलेल्या टोल्यांना नावच नसतं. कुंताबाईनं विचारलं असतं, हे कोणाचे? छायानं विचारलं असतं. कोणीतरी रीत मोडून येऊन पाहिलं असतं. पण प्रश्न पडायच्या आधीच जयाताईनं सगळ्यांच्या हातात उत्तर देऊन ठेवलं होतं. अकरा वर्षं ती हे काम वेळच्या वेळी करत आली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

६

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारची सभा यंदा मिशनवाडीलाच होती. पाच चर्चांची मिळून एकवीस माणसं जमली. अध्यक्ष आष्टीचे खुशालजी, पंचाहत्तरीचे, कान जरा जड. पुऱ्यांचं तेल मागे तापत होतं.

आदल्या आठवड्यात जयाताईनं अहवाल तीनदा लिहिला होता. दोनदा ती नोंद गाळून, कारण रूपरावकाकांचं म्हणणं तिला पटत होतं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांनी काही केलं नव्हतं, आणि आता कळून मावशी परत येणार नव्हती. पण लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं, की गाळलं तर मावशीनं हाक मारली होती हेच जगातून पुसलं जाईल. तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि आता ऐकवायचंही नाही, एवढं तिच्यानं होईना.

तिनं वाचायला सुरुवात केली. रविवार, सण, दोन लग्नं, एक बाप्तिस्मा. मग मृत्यू, तारखेनुसार. ऑक्टोबर आला तसं रूपरावांनी डोळे मिटून घेतले.

"नऊ ऑक्टोबर. मिशनवाडी. दुपारी तीन," जयाताईनं वाचलं. "टोले सदतीस. हे टोले हर्षित यांचे नव्हते. वाजवणारी, मनकर्णाबाई. कारण, छातीत कळ येऊन ओसरीत एकटी अडकली होती, मदतीसाठी. आलेले, कोणी नाही. त्या दिवशी टोले पडणार असल्याचं चिटणीसानं आधीच कळवलं होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. चिटणीसाचं नाव जया."

अंकुशनं बापाकडे पाहिलं आणि त्याला दीड महिन्याचा अबोला उमगला. तो उठून बापाच्या शेजारी जाऊन बसला. छायाचे ओठ हलत होते, ती मनात काहीतरी मोजत असावी. कुंताबाई एवढंच म्हणाली, "मी तं उभी होती. वावरात उभीच होती ना मी." ते ती चार-पाच वेळा म्हणाली आणि तिला गप्प करायला कोणी गेलं नाही.

खुशालजींना बाजूच्या माणसानं कानात सगळं पुन्हा सांगितलं. मग त्यांना अध्यक्षानं काहीतरी करायला हवं हे सुचलं असावं, कारण ते उठून उभे राहिले.

"नियम करा लागते," ते म्हणाले. "लिहून घे, जया. यापुढं पाचही ठिकानी, कोनी अडचनीत असंन, आजारी असंन, तं त्यानं घंटा भरभर वाजवाची. रविवारच्यापेक्षा भरभर. म्हनजे लोकाइले समजंन अन् ते धावतीन. हाये का मंजूर?"

जयाताई लिहिता लिहिता थांबली. घंटा भरभर वाजवण्याएवढा जोर मावशीच्या अंगात असता तर ती दोराशी गेलीच कशाला असती? चाळीस पावलं चालून तिनं घरातला फोन उचलला असता, नाहीतर बांधावर जाऊन छायाला हाक दिली असती. ज्याला खरोखर मदत हवी त्याच्या हातून घंटा सावकाशच वाजणार, आणि ती मृत्यूच्या टोल्यांसारखीच ऐकू येणार. या नियमानं मावशी वाचली नसती. पुढची कोणीही वाचणार नव्हती. हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि समोर पाहिलं.

कुंताबाईनं हात वर केला होता. छायाचा हात वर होता, डोमाजीचा होता, अंकुशचा होता. रूपरावकाकांनी डोळे न उघडताच हात वर धरला होता. त्या सगळ्यांजवळ करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

जयाताईनं डावा हात वर केला आणि उजव्या हातानं वहीत लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.